छायाचित्राची पाठचिकित्सा : जूलिया मार्गारेट कॅमेरन यांचीं व्यक्तिचित्रें

पोथ्या व कागदपत्रें जमविणाऱ्या संग्राहकांच्या दप्तरांत जुनीं छायाचित्रेंहि असतात. पोथी हातीं आली म्हणजे संग्राहक तिचा काल, लिपिकार, पुष्पिका, समासांतील टिपा या सर्वांची विचारपूस करतो. छायाचित्र हातीं आलें म्हणजे मात्र ‘हें कोणाचें?’ एवढेंच विचारून तो थांबतो. पुष्कळदां तर चित्र अंधुक वाटतें म्हणून रंगाऱ्याकडून डोळे-मिशा ठळक करून घेतल्या जातात व डाग बुजविले जातात. पोथीच्या बाबतींत असें कोणी केलें, तर त्यास आपण प्रक्षेपकार म्हणूं. जो न्याय पोथीस, तोच छायाचित्रास लागू आहे, व तो न लावल्यानें केवळ पुराव्याचीच नव्हे तर कलेचीहि हानि होते, हें एका प्रसिद्ध उदाहरणावरून दाखवावें, असा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

जूलिया मार्गारेट कॅमेरन यांचा जन्म कलकत्त्यास १८१५ सालीं झाला. त्यांचे पति चार्ल्स हे कॅमेरन हे मेकॉलेच्या कायदे-कमिशनचे सभासद होते. १८६० च्या इंडियन पीनल कोडाचा मूळ मसुदा याच कमिशनचा. १८४८ सालीं हें कुटुंब इंग्लंडांत गेलें. १८६३ च्या अखेरीस, वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षीं, मुलगी व जांवई यांनीं बाईंना एक कॅमेरा भेट दिला. वाइट बेटावरील फ्रेशवॉटर येथील राहत्या जागेंत त्यांनीं कोंबड्यांच्या खुराड्याचें कांचघर व कोळशाच्या कोठीची अंधारी खोली बनविली. जानेवारी १८६४ मध्यें त्यांस मनासारखें पहिलें चित्र साधलें. १८७५ सालीं त्या सिंहलद्वीपांत राहावयास गेल्या व १८७९ मध्यें तेथेंच वारल्या. म्हणजे त्यांचें मुख्य कार्य अवघ्या दहा-अकरा वर्षांतील आहे.

त्या काळची कृति ओल्या कोलोडियनची. कांचेवर कोलोडियनचा थर ओतावयाचा, ती रौप्यक्षाराच्या द्रावणांत बुडवावयाची, आणि ओली असतांनाच चित्र घेऊन लगोलग धुवावयाची. हा थर निळ्या-जांभळ्या किरणांस जागा आणि तांबड्या किरणांस जवळजवळ आंधळा असतो. त्यामुळें कातडीवरील तांबूस डाग व वृद्धत्वाच्या रेषा प्रत्यक्षाहून गडद उमटतात. प्रकाश स्वतः लिहितो म्हणून तो निःपक्षपाती लेखक आहे, ही समजूत येथेंच ढळते. प्रकाशाचाहि एक हस्तदोष आहे, आणि तो ज्यास ठाऊक नाहीं त्यानें जुन्या चित्रावरून कोणाच्या कांतीविषयीं विधान करूं नये. त्यांतून बाईंच्या कांचा मोठ्या आणि कांचघरांतील उजेड त्यांनीं मुद्दाम मंद केलेला. म्हणून समोरच्या मनुष्यास कित्येक मिनिटें निश्चल बसावें लागे.

समकालीन छायाचित्रकारांनीं त्यांच्यावर गबाळेपणाचा आरोप केला. चित्र पुसट, कांचेवर ओघळ, कोठें बोटांचे ठसे, कोठें थर सुटलेला. आरोपांतील गोष्टी खऱ्या आहेत. पण त्या एका जातीच्या नाहींत. ओघळ व ठसे हे लेखनप्रमाद होत. पुसटपणाची गोष्ट निराळी. आपल्या अपुऱ्या राहिलेल्या आत्मवृत्तांत (१८७४) बाई स्वतः सांगतात, कीं प्रथम तो केवळ योगायोगानें घडला. परंतु भिंग जुळवितांना जेथें चित्र सुंदर दिसे तेथेंच त्या थांबत, इतरांप्रमाणें अधिक रेखीवपणासाठीं तें पुढें फिरवीत नसत. योग्य फोकस कोणता हें ठरविण्याचा अधिकार कोणाचा, असा प्रश्न त्यांनीं १८६४ च्या अखेरीस सर जॉन हर्शेल यांना पत्रांतून विचारला होता.

यावर कोणी म्हणेल, कीं हें मागाहून केलेलें समर्थन आहे; पहिलें भिंगच सदोष असावें. या आक्षेपास उत्तर चित्रांतूनच मिळतें. १८६६ पासून बाई डालमायर यांचें तीस इंचांचें निराळें भिंग वापरूं लागल्या व कांचहि पंधरा इंच बाय बारा इंच झाली. भिंग बदललें, कांच बदलली, तरी मार्दव कायम राहिलें. दोन स्वतंत्र परंपरांच्या पोथ्यांत एकच कठीण पाठ आढळला, तर तो लिपिकाराचा प्रमाद नसून ग्रंथकाराचा पाठ होय, असें आपण मानतों. येथेंहि तेंच अनुमान प्राप्त होतें. अपघातानें आलेला पाठ कर्त्यानें ओळखून, निवडून, पुनःपुन्हां ठेवला, कीं तो कर्त्याचाच होतो.

या पाठाचा अर्थ हर्शेल यांच्या एप्रिल १८६७ च्या चित्रांत पाहावा. हायपोचा रौप्यक्षार विरघळविण्याचा गुण हर्शेल यांनीं १८१९ सालीं शोधला, आणि १८३९ मध्यें त्याच्याच साह्यानें छायाचित्र टिकाऊ करण्याची युक्ति दाखविली. प्रकाशाचें लिखाण ज्यानें पक्कें केलें, तोच पंचाहत्तराव्या वर्षीं प्रकाशापुढें बसला आहे. अंगावरील गडद वस्त्र व मागील अंधार एकजीव झाले आहेत. शरीर जवळजवळ नाहींच. उरतें तें मस्तक : विस्कटलेले पांढरे केस कडेनें पेटल्यासारखे उजळलेले, आणि कपाळाखालीं दोन ओलसर डोळे. केसांच्या टोंकांशीं रेषा विरते. त्यामुळें मस्तक अंधारावर चिकटविलेलें न वाटतां त्यांतून वर येत असल्यासारखें वाटतें. ज्योतिर्विदाचें हें चित्र आहे, हें सांगावयास दुर्बीण किंवा ग्रंथ जवळ मांडावे लागले नाहींत.

यशोधराच्या जयमंगला टीकेंत चित्राचीं जीं सहा अंगें सांगितलीं आहेत, त्यांत सादृश्य हें एक अंग आहे. भाव व लावण्ययोजन हीं त्याच्या बरोबरीचीं आहेत. विष्णुधर्मोत्तराच्या चित्रसूत्रांत तर छायाप्रकाशाच्या उतारास ‘वर्तना’ असें स्वतंत्र नांव असून तिचे तीन प्रकार दिले आहेत. आपल्या शास्त्रकारांस कॅमेरा ठाऊक नव्हता. पण केवळ सादृश्यानें चित्र पुरें होत नाहीं, हें ठाऊक होतें. हर्शेल यांच्या चित्रांतील पुसट कडा ही वर्तना होय. ती ठळक केली, तर सादृश्य रतिभर वाढेल व चित्र मरेल.

दुसरें उदाहरण हस्तलिखितांच्या संग्राहकांस अधिक जवळचें वाटेल. १८६७-६८ सालीं मुंबई सैन्याचे सेनापति सर रॉबर्ट नेपिअर यांच्या हाताखालीं ॲबिसीनियावर स्वारी झाली. एप्रिल १८६८ मध्यें मगदला पडलें, राजा थिओडोर यानें आत्महत्या केली, आणि त्याचा सात वर्षांचा मुलगा आलेमायेहू इंग्लंडांत नेण्यांत आला. त्याच लुटींतून शेंकडों इथिओपियन हस्तलिखितें ब्रिटिश म्यूझियमकडे गेलीं. त्याच वर्षीं या मुलास बाईंनीं फ्रेशवॉटर येथें आपल्या भिंगापुढें बसविलें. हस्तलिखितांची यादी झाली. मुलाचें हें चित्र झालें. एरव्हीं वंदनीय वाटणारी निश्चलता येथें बोचते, कारण हर्शेल आपल्या इच्छेनें स्थिर बसले होते आणि या पोरक्या मुलास बसविलें होतें. तोच मंद प्रकाश, तेंच मार्दव. पण त्यानें सौंदर्याबरोबर दुःखहि झांकलें जाऊं शकतें, हें सांगणें टीकाकाराचें कर्तव्य आहे. हा मुलगा १८७९ मध्यें, अठराव्या वर्षीं, परदेशींच वारला.

बाईंचीं सर्वच चित्रें सारख्या योग्यतेचीं नाहींत. टेनिसनच्या आर्थर राजाविषयींच्या काव्यासाठीं १८७४-७५ सालीं त्यांनीं केलेल्या चित्रांत माणसांस पात्रांचे वेश चढविले आहेत. तेथें प्रकाश मुखावर ठरण्याऐवजीं वस्त्राभरणांच्या मागें धांवतो. पति चार्ल्स मर्लिन झाले आहेत. पण पाहणाऱ्यास मर्लिन दिसत नाहीं, वेश घेतलेले एक सभ्य वृद्ध गृहस्थ दिसतात. उसना भाव प्रकाशास पेलत नाहीं.

यांतून संग्राहकांनीं घ्यावयाचा बोध थोडा, पण निकडीचा आहे. कॅमेरनबाई चित्राखालील पुठ्ठ्यावर स्वहस्तें सही करीत, व हें चित्र प्रत्यक्षावरून घेतलें आहे, असें अनेकदां लिहीत. हा मजकूर म्हणजे चित्राची पुष्पिकाच. चौकटींत बसावें म्हणून जो पुठ्ठा कापतो, तो पोथीचें शेवटचें पान फाडतो. आपल्याकडील वाड्यांतून निघालेल्या चित्रांचेहि पुठ्ठे, शिक्के, पाठीमागचा मजकूर व डाग जसेच्या तसे राखावे. साफ चित्र हवेंच असल्यास दुसरी प्रत काढून तिच्यावर हात चालवावा, आणि तसें तिच्यावर नमूद करावें. प्रमाद कोणता व पाठ कोणता, हा निवाडा पुढील अभ्यासकाचा आहे. मूळ प्रत शिल्लक राहिली, तरच त्यास तो करतां येईल.