डोळे मिटल्यावर काय?

व्ही. शांताराम यांचा ‘दो आँखें बारह हाथ’ (१९५७) मी पहिल्यांदा पाहिला तो रसिक म्हणून. अलीकडे पुन्हा पाहिला, तो तुरुंग-सुधारणेचा दस्तऐवज म्हणून. चित्रपट पूर्वीइतकाच आवडला. मात्र या गोष्टीतून आपण जो धडा घेतला, तो अपुरा आहे असे माझे मत झाले.

गोष्टीला खरा आधार आहे. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी आणि पोलिश अभियंता मॉरिस फ्रिडमन यांच्या पुढाकाराने १९३९च्या सुमारास आटपाडीजवळ स्वतंत्रपूर ही कैद्यांची खुली वसाहत उभी राहिली. भिंती नाहीत, शेती कसायची. कथालेखक ग. दि. माडगूळकर त्याच मुलखातले, शेटफळ्यात जन्मलेले. त्यामुळे ही माती त्यांना परकी नव्हती.

चित्रपटातला जेलर आदिनाथ सहा खुनी कैद्यांना माळरानावर नेतो. त्यांना धरून ठेवतात ते त्याचे डोळे. शेवटी तो मरतो, तरी ते डोळे मागे उरतात, असे चित्रपट सुचवतो. कलाकृती म्हणून हा शेवट अस्सल आहे. धोरण म्हणून तो अडचणीचा आहे. जेलरची बदली होते, तो निवृत्त होतो. मग त्याच्या जागी येणाऱ्या, साध्या कुवतीच्या माणसाच्या हाती ती व्यवस्था टिकेल का, हा धोरणाचा पहिला प्रश्न. चित्रपट तो विचारत नाही, आणि त्याने विचारावा अशी माझी अपेक्षाही नाही. तो विचारायचा होता आपण.

दुसरा प्रश्न निवडीचा. आदिनाथ अट्टल गुन्हेगार निवडतो. प्रत्यक्षात खुल्या कारागृहात जातो तो चांगल्या वर्तणुकीचा, शिक्षेचा काही भाग भोगलेला, पळून जाणार नाही असा भरवसा असलेला कैदी. म्हणजे जो तसाही सुधारला असता, त्यालाच आपण निवडतो आणि मग सुधारणेचे श्रेय कारागृहाला देतो. श्रेय खोटेच असेल असे नाही. पण या पद्धतीने ते सिद्ध होत नाही.

तिसरा प्रश्न मोजमापाचा. खुल्या कारागृहाचे यश सांगताना ‘पळाले किती’ हा आकडा पुढे केला जातो. कैदी पळाला नाही याचा अर्थ तो तिथे राहिला, इतकाच. सुटल्यावर पाच वर्षांनी त्याला काम होते का, घराने त्याला परत घेतले का, तो पुन्हा गजाआड गेला का, ही खरी मोजपट्टी. तिच्यासाठी माणसाच्या मागे वर्षानुवर्षे जावे लागते.

उपाय अवघड नाही. पात्र कैदी शंभर आणि जागा चाळीस असतील, तर चिठ्ठ्या टाकाव्यात. उरलेल्या साठांवर त्यामुळे नवा अन्याय होत नाही. जागा तशाही नव्हत्याच. दोन्ही गटांची नोंद ठेवली, तर काही वर्षांनी उत्तर हाती येईल. चिठ्ठी क्रूर वाटते खरी, पण आजही कोणीतरी निवडतोच. फक्त त्याची कारणे आपल्याला दिसत नाहीत.

शेवटचा प्रश्न सर्वांत टोचणारा. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार २०२२च्या अखेरीस देशातल्या तुरुंगांत ५,७३,२२० माणसे होती. त्यांपैकी ४,३४,३०२ कच्चे कैदी. खुले कारागृह मुळात शिक्षा झालेल्यांसाठी. म्हणजे ही सुधारणा पूर्ण यशस्वी ठरली, तरी चारांतल्या तिघांच्या वाट्याला ती येत नाही. ज्यांचा गुन्हा अद्याप शाबीत झालेला नाही ते उंच भिंतींआड, आणि ज्यांचा झाला त्यांच्यातले काही मोकळ्या शिवारात! हा उफराटेपणा ध्यानात यायला कुठल्याही प्रयोगाची गरज नाही.

म्हणून स्वतंत्रपूर कमी मोलाचे ठरत नाही. ती वसाहत आजही आहे, तिथले कैदी कुटुंबासह राहतात, शेती करतात. मात्र तिचे मोल आपण एका सुंदर चित्रपटावर सोपवून मोकळे झालो. सहा जणांची गोष्ट मनाला पटवते. सातव्याचे काय झाले, हे वहीत लिहून ठेवावे लागते, आणि ती वही प्रयोग सुरू होण्याच्या आदल्या दिवशी उघडावी लागते.