स्निग्ध वेषांतर

संगमनेर, राहुरी, अकोले या भागातल्या कुठल्याही दूध संकलन केंद्रावर सकाळी उभं राहिलं, तर लॅक्टोमीटर कितीवर थांबला याइतकीच 'फॅट किती लागली?' याचीही चौकशी कानावर येते. निव्वळ डिग्रीवर दुधाची पारख होत नाही, कारण स्निग्धांश जितका अधिक तितकं दूध हलकं, हे तिथल्या जाणत्यांना कोणी शिकवावं लागत नाही. हिपॅटायटिस सी या विषाणूची कारागिरीही आपल्याला प्रथम अशी वजनातूनच कळते. प्रथिनं आणि जनुकद्रव्य यांनी घडलेला विषाणू एरवी घट्ट आणि जड असायचा; रुग्णाच्या रक्तातले या विषाणूचे कण मात्र कोलेस्टेरॉल वाहून नेणाऱ्या लायपोप्रोटीनांइतके हलके भरतात. १९८९ साली मायकेल हॉटन आणि सहकाऱ्यांनी ओळखलेल्या या विषाणूनं मेदाचा अंगरखा पांघरला आहे, हे या हलकेपणानंच उघड केलं.

या अंगरख्याची वीण जरा जवळून पाहू. विषाणूची स्वतःची पुंजी अगदी तोकडी: सुमारे ९,६०० अक्षरांचा एक आरएनए आणि त्यातून उतरणारी दहा प्रथिनं. एवढ्या भांडवलावर तो संसार कसा थाटतो, हे पाहण्यातच खरी गंमत आहे. यकृताच्या पेशीत ट्रायग्लिसराइडचे इवले मेदबिंदू साठलेले असतात. विषाणूचं गाभ्याचं प्रथिन नेमकं त्या बिंदूंच्या पृष्ठभागावर जाऊन बसतं, आणि त्याला तिथवर पोचवायला मेदबिंदू घडवणारं आपलंच डीजीएटी-१ हे विकर कामी येतं. नव्या विषाणूंची जुळणी या बिंदूंच्या लगतच होते. पुढे यकृत ज्या वाटेनं मेदानं भरलेली लायपोप्रोटीनं रक्तात रवाना करतं, त्याच वाटेशी हातमिळवणी करून, वर अपोलायपोप्रोटीन ई ल्यालेला हा पाहुणा बाहेर पडतो. संशोधकांनी त्याला 'लायपोव्हायरोपार्टिकल' असं लांबलचक नाव दिलं आहे; नाव अवजड, पण त्यात अर्धा मेद आणि अर्धा विषाणू अशी ती जोडमूर्ती नेमकी पकडली गेली आहे.

मग नव्या पेशीच्या उंबरठ्यावरचं नाट्य. एलडीएल आत घेणारा ग्राहक, एचडीएलशी व्यवहार करणारा एसआर-बी१, कोलेस्टेरॉल शोषणारा एनपीसी१एल१, असे मेदाच्या देवघेवीसाठी नेमलेले एकेक द्वारपाल या स्निग्ध पाहुण्याला हात देतात. सीडी८१, क्लॉडिन, ऑक्लुडिन यांचंही साहाय्य त्याला लागतंच; पण पहिली ओळख पटते ती मेदाची, आणि त्याच आवरणामुळे रक्तातल्या प्रतिपिंडांनाही तो सहज हाती लागत नाही. शरीराच्या आतिथ्याचा असा बेमालूम उपयोग करून घेणारा दुसरा विषाणू मला तरी आठवत नाही. या कौतुकात दाहाची आणि सिरॉसिसची वेदना मात्र विसरायची नाही.

आपल्याकडच्या रसिकाला एक तपशील विशेष जवळचा वाटावा. भारतात या विषाणूचा सर्वाधिक आढळणारा प्रकार तिसरा, आणि यकृतात चरबी साठवण्यात हाच सर्वांत पुढे. दारूला न शिवणाऱ्या, अंगानं शिडशिडीत असलेल्या माणसाचंही यकृत त्यामुळे मेदाळ होऊ शकतं. यकृतात मेद साचत असताना रक्तातलं कोलेस्टेरॉल मात्र उतरलेलं असतं, आणि लिपिडचा अहवाल पाहून रुग्ण बिचारा खूश होतो! विषाणू गेला की पुष्कळदा यकृतातली चरबी ओसरते आणि रक्तातलं एलडीएल पुन्हा वर चढतं. इतके दिवस दबलेला हिशेब असा उघडा पडतो.

राष्ट्रीय विषाणूजन्य हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रमात २०१८पासून सोफोसबुव्हिरसारखी औषधं मोफत मिळतात आणि बहुतेकांना बारा आठवड्यांचा उपचार पुरतो. तो संपल्यावर विषाणू गेल्याची खात्री करून घ्याच, पण त्याच वेळी लिपिड प्रोफाइलही करा. आधीचा 'उत्तम' अहवाल प्रमाण मानू नका.