कर्त्याविना इतिवृत्त : कार्यालयीन बैठकांतील कृत्रिम बुद्धिमत्ता साहाय्यकाची चिकित्सा

सभेचे इतिवृत्त हा मराठी गद्याचा एक उपेक्षित प्रकार आहे. वाङ्मयेतिहासात त्याला स्थान नाही आणि ते मिळावे असा कोणाचा आग्रहही नाही. तथापि ग्रामपंचायतीपासून विद्यापीठाच्या अधिसभेपर्यंत आणि पतसंस्थेपासून साहित्य संस्थांपर्यंत जे मराठी गद्य सातत्याने लिहिले गेले, त्यात इतिवृत्ताचा वाटा लहान नाही. 'मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे' या विषयाने सुरू होणारा आणि 'ऐन वेळचे विषय' ओलांडून आभारप्रदर्शनाशी थांबणारा हा मजकूर कोणी आवडीने वाचत नाही. परंतु वाद उद्भवला की प्रथम तोच शोधला जातो.

नोंद ठेवणाऱ्याला आपल्याकडे नेहमीच नाव आणि पद होते. शिवकालीन अष्टप्रधानांतील मंत्री म्हणजे वाकनीस. राजाच्या दैनंदिन व्यवहाराची नोंद हे त्याचे काम. पत्रव्यवहार सांभाळणाऱ्या चिटणिसाचे पद पुढे आडनाव झाले आणि राजकीय पक्षांत व संस्थांत पदनाम म्हणून आजही टिकून आहे. साहित्य संस्थांचा कार्यवाह हा याच परंपरेतला. नोंद चुकली तर जाब कोणाला विचारावयाचा, हा प्रश्न या व्यवस्थेत पडत नसे.

गेल्या काही वर्षांत या लेखनाचा कर्ता बदलू लागला आहे. मायक्रोसॉफ्टने मार्च २०२३ मध्ये 'कोपायलट' हा साहाय्यक जाहीर केला आणि १ नोव्हेंबर २०२३ पासून मोठ्या संस्थांना तो दरमाणशी दरमहा ३० डॉलर या दराने उपलब्ध करून दिला. टीम्स या बैठकांच्या व संदेशांच्या प्रणालीत तो काम करतो. झूमने सप्टेंबर २०२३ मध्ये आपला 'एआय कम्पॅनियन' सशुल्क ग्राहकांना वेगळी किंमत न लावता दिला. फेब्रुवारी २०२४ मध्ये स्लॅकने तशीच सोय आणली. ऑगस्ट २०२४ मध्ये गूगल मीटमध्ये टिपणे घेणारी सोय आली. ती आरंभी इंग्रजीपुरतीच होती. या सर्वांची कार्यपद्धती थोड्याफार फरकाने एकच आहे. बोलण्याचे प्रथम लिखित रूपांतर होते. नंतर भाषिक प्रारूप त्यातून सारांश, मुद्दे आणि 'कोणी काय करावयाचे' याची यादी तयार करते. उशिरा आलेल्या सदस्याला 'आतापर्यंत काय झाले' असे विचारता येते. संदेशांच्या गटात साठलेले शेकडो निरोप पाच-सहा ओळींत मिळतात.

या सोयी खऱ्या आहेत, हे प्रथमच मान्य केले पाहिजे. ज्याला कमी ऐकू येते त्याला लिखित रूपांतराचा आधार वाटतो. बैठकीत टिपणे काढण्याचे काम बहुधा सर्वांत कनिष्ठ व्यक्तीच्या, आणि पुष्कळदा उपस्थित असलेल्या एकमेव स्त्री सहकाऱ्याच्या गळ्यात पडते. मग लिहिण्याच्या नादात तिला बोलावयाचे राहून जाते. यंत्राने तिची त्यातून सुटका केली, तर त्याबद्दल हळहळण्याचे कारण नाही. प्रश्न वेगळा आहे : यंत्राने तयार केलेला मजकूर 'इतिवृत्त' या संज्ञेस पात्र ठरतो काय?

त्यासाठी इतिवृत्ताची भाषा पाहावी लागते. 'असे सर्वानुमते ठरले', 'यावर साधकबाधक चर्चा झाली', 'सदर बाब अध्यक्षांच्या निदर्शनास आणण्यात आली' ही त्याची ठरलेली वाक्ये. त्यांत कर्ता दिसत नाही. कर्मणी व भावे प्रयोगांचा हा सोस कंटाळवाणा आहे, हा आक्षेप रास्तच आहे. परंतु येथे कर्ता लपवणारी व्यक्ती आपण कोणाला लपवीत आहोत हे जाणत असते. दोन सदस्यांत खडाजंगी झाली आणि इतिवृत्तात 'चर्चा झाली' एवढेच आले, तर तो विसराळूपणा नसतो. उद्या त्याच दोघांना एका टेबलाशी बसावयाचे आहे, हे कार्यवाहाला ठाऊक असते. 'चर्चा झाली' या दोन शब्दांचा जाणत्या वाचकाला समजणारा अर्थ 'काहीही ठरले नाही' असा आहे. मराठी प्रशासकीय गद्यात इतके अर्थगर्भ वाक्य दुसरे सापडणे कठीण.

यंत्राचा सारांश नेमके उलट करतो. तो कर्ता ठळकपणे लिहितो आणि क्रिया निश्चित करतो. समजा, पुण्यातील एखाद्या सेवा-कंपनीच्या साप्ताहिक बैठकीत वरिष्ठ विचारतात, "अरे, रिपोर्ट शुक्रवारपर्यंत होईल ना?" कनिष्ठ सहकारी उत्तरतो, "हो सर, बघतो. सर्व्हरचं काम चालू आहे तसं... पण बघतो मी." बैठकीतील प्रत्येक मराठी माणसाने येथे 'नाही' ऐकलेले असते. 'हो' हा आदराचा उद्गार आहे, 'बघतो' ही नकाराची सभ्य पायरी आहे, आणि खरे कारण मधल्या अर्धवट वाक्यात आहे. या संवादाचा सारांश 'अहवाल शुक्रवारपर्यंत सादर करण्याचे त्यांनी मान्य केले' असा निघू शकतो, आणि कामांच्या यादीत त्याच्या नावापुढे तारीख पडू शकते. शब्दांपुरते पाहिले तर सारांश खोटा नाही. त्याने फक्त स्वर गाळला. आणि मराठी संभाषणात पुष्कळदा स्वरच विधान करीत असतो. वर हे बोलणे मराठी क्रियापदे व इंग्रजी नामे यांच्या मिश्रणातले असते आणि सारांश बहुधा इंग्रजीत निघतो. 'बघू', 'करू या की', 'हरकत नाही तशी' या तीन उत्तरांतील अंतर इंग्रजीत उतरताना जवळजवळ नाहीसे होते. शुक्रवार उलटल्यावर त्या कनिष्ठाने 'मी असे म्हणालो नव्हतो' असे सांगितले, तर त्याच्याविरुद्ध लेखी पुरावा असतो आणि त्याच्या बाजूने केवळ एक स्वर, जो कोठेही नोंदलेला नाही.

शब्दांच्या बाबतीत ही स्थिती. स्तब्धतेच्या बाबतीत ती अधिक विलक्षण आहे. ओपनएआयच्या 'व्हिस्पर' या बोलण्याचे लिखित रूपांतर करणाऱ्या प्रणालीचा अमेरिकी संशोधकांनी अभ्यास केला. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधानुसार, तपासलेल्या ध्वनिखंडांपैकी सुमारे १ टक्का खंडांच्या लिखित रूपात मुळात कोणीच न उच्चारलेली वाक्ये वा वाक्यांश आढळले. अशा कल्पित मजकुरापैकी ३८ टक्के मजकूर हिंसेचा उल्लेख, चुकीचे संबंध जोडणे अशा प्रकारे अपायकारक होता. वाचाघाताने ग्रस्त व्यक्ती बोलताना दीर्घ विराम घेतात. त्यांच्या बोलण्यात हे प्रमाण जास्त दिसले. माणूस थांबला की यंत्राने ती जागा भरली, असा याचा अर्थ. प्रत्येक बैठक-प्रणालीत हेच रूपांतरयंत्र असते असे नव्हे, आणि १ टक्का हे प्रमाण ऐकावयास अल्प वाटते. परंतु सभेत गप्प राहणे हीही एक भूमिका असते. ती घेणाऱ्याच्या तोंडी वाक्य घालणे हा प्रमाद एकदा घडला तरी पुरे.

ही सोय 'सुरू करणे' म्हणजे काय, हेही तपासले पाहिजे. प्रणालीच्या भाषेत तो एक साधा पर्याय आहे. प्रशासकाने धोरण ठरवावे, बैठक बोलावणाऱ्याने कळ दाबावी. टीम्समध्ये कोपायलटसाठी तीन पर्याय दिसतात : बैठकीदरम्यान व नंतर, केवळ बैठकीदरम्यान, आणि बंद. यांतील दुसरा पर्याय खासगीपणाच्या दृष्टीने सौम्य भासतो, कारण बैठक संपल्यावर बोलण्याची लिखित प्रत उरत नाही. मात्र बैठक चालू असताना कोणी साहाय्यकाला 'अमुक व्यक्तीचे मत काय होते' असे विचारले आणि मिळालेले उत्तर मनात घेऊन निघून गेला, तर ते उत्तर ज्या बोलण्यावरून निघाले ते नंतर कोणालाच ताडून पाहता येत नाही. मूळ नष्ट झाले, मत मात्र बनले. कागद न ठेवणे नेहमीच निरुपद्रवी असते असे नाही, हे दफ्तरात काम केलेल्यांना वेगळे सांगावयास नको.

हा निर्णय कोणाचा, याविषयीची अस्वस्थता इतरत्रही प्रकट झाली आहे. ऑगस्ट २०२३ मध्ये झूमच्या सेवाशर्तींतील मजकुरावरून गदारोळ झाला. ग्राहकांचे ध्वनी, चित्र व संदेश कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रशिक्षणास वापरणार नाही, असे कंपनीला लिहून द्यावे लागले. मार्च २०२४ मध्ये अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहाने आपल्या कर्मचाऱ्यांना कोपायलट वापरण्यास मनाई केली. भारताच्या अर्थमंत्रालयाने जानेवारी २०२५ मध्ये कार्यालयीन संगणकांवर चॅटजीपीटी, डीपसीक यांसारखी साधने वापरू नयेत असे कळविले. या सर्वांची चिंता माहिती बाहेर जाण्याची होती. माहिती आतच राहिली आणि चुकीची राहिली तर काय, ही चिंता त्यांत दिसत नाही. कर्मचाऱ्याच्या संमतीची कथाही आश्वासक नाही. डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण अधिनियम, २०२३ ने संमती मुक्त, विशिष्ट व असंदिग्ध असावी असे म्हटले खरे. परंतु त्याच अधिनियमाच्या कलम ७ मध्ये नोकरीविषयक प्रयोजनांसाठी संमतीवाचून विदा वापरण्याची वाट मोकळी ठेवली आहे.

इतिवृत्ताविषयी अधिक विचार एका जुन्या धाटणीच्या कायद्यात आढळतो. कंपनी अधिनियम, २०१३ चे कलम ११८ असे सांगते की, इतिवृत्तात कामकाजाचा न्याय्य व अचूक सारांश असावा, ते तीस दिवसांत नोंदवावे, संचालक मंडळाच्या सभेत ज्यांनी विरोध केला त्यांची नावे त्यात यावीत. आणि रीतसर ठेवलेले इतिवृत्त पुरावा मानले जावे. १ जुलै २०१५ पासून लागू झालेल्या सचिवीय मानकानुसार मसुदा पंधरा दिवसांत संचालकांकडे जातो आणि त्यांना अभिप्रायासाठी सात दिवस मिळतात. ही तरतूद संचालक मंडळासाठी आहे, साप्ताहिक बैठकीसाठी नव्हे. तरीही तिच्यातील विवेक लक्षणीय आहे. पंधरा दिवस, सात दिवस, पुढील सभेतील वाचन, अध्यक्षांची स्वाक्षरी हा विलंब नाही. बोलणे आणि नोंद यांच्यामधील ही अशी जागा आहे, जेथे 'मी असे म्हटले नव्हते' असे म्हणता येते. यंत्राचा सारांश सभा संपताच येतो, आणि त्या वेगामुळेच ही जागा लुप्त होते. सारांशाखाली 'चुका असू शकतात, तपासून घ्यावे' अशा आशयाची सूचना असते. तपासावे कोणी, हे ती सांगत नाही.

हा प्रश्न संगणक कंपन्यांपुरता राहिलेला नाही. २०२० च्या टाळेबंदीपासून महाविद्यालयांच्या अनेक सभा झूम आणि गूगल मीटवर होऊ लागल्या. नॅकच्या मूल्यांकनासाठी अंतर्गत गुणवत्ता हमी कक्षाची इतिवृत्ते व त्यांवरील कार्यवाहीचे अहवाल संकेतस्थळावर ठेवावे लागतात. मूल्यांकनाचे वर्ष जवळ आले की हा मजकूर कसा तयार होतो, हे अध्यापकवर्गास ज्ञात आहे. अशा वेळी यंत्राचा देखणा, मुद्देसूद सारांश हाती असताना तो तसाच संकेतस्थळावर चढविण्याचा मोह टळणे अवघड. त्याला कच्चे टिपण मानून समन्वयकाने स्वतः इतिवृत्त लिहिले आणि पुढील सभेत ते कायम करून घेतले, तर आक्षेपाचे कारण राहत नाही. परंतु ज्या घाईपोटी हे साधन हवेसे वाटते, ती घाई नेमकी हीच पायरी गाळते.

महाविद्यालयीन सभांत एक वाक्य क्वचित, पण अत्यंत गांभीर्याने उच्चारले जाते : "माझा विरोध नोंदवून घ्यावा." कार्यभाराची वाटणी असो, एखादी नेमणूक असो किंवा निधीचा विनियोग, ठराव संमत होणार हे ठाऊक असूनही एखादा सदस्य हे वाक्य उच्चारतो. ते अध्यक्षांना उद्देशून असले, तरी सदस्याची नजर कार्यवाहाच्या लेखणीकडे असते, आणि ती हलल्याशिवाय तो खाली बसत नाही. यंत्राच्या सारांशात या वाक्याचे 'काही सदस्यांनी चिंता व्यक्त केली' असे होऊ शकते. दूरस्थ सभेत तो सदस्य हे वाक्य पडद्यावरील चौकटींकडे पाहून उच्चारील. त्यांतील कोणत्या चौकटीत लेखणी आहे, हे त्याला दिसणार नाही.