मधला दांडा

१९३७ साली अमेरिकेतल्या शेवरोले कंपनीसाठी जॅम हँडी या संस्थेनं एक बोधपट काढला, ‘अराउंड द कॉर्नर’. कृष्णधवल, जेमतेम दहा मिनिटांचा. विषय एकच : मोटारीच्या मागच्या हाऊसिंगमध्ये दडलेलं डिफरन्शियल. यंत्राबद्दल इतकं नितळ दुसरं काही मी पाहिलेलं नाही, आणि एखाद्या कवितेसारखा तो ओळीओळीनं वाचावा असं मला मनापासून वाटतं.

सुरुवातीला मोटारसायकलस्वारांची कवायत दिसते. स्वार एका रांगेत वळतात. आतला संथ चालतो, बाहेरचा जोरात, आणि तरी रांग मोडत नाही. यंत्राचं नावही न घेता प्रश्न मांडून झाला : वळणावर बाहेरच्या चाकाला जास्त अंतर कापायचं असतं, मग एकाच इंजिनानं दोन चाकं फिरवायची कशी? पुढे सुटी दोन चाकं येतात, प्रत्येक आपापल्या अ‍ॅक्सलवर, आणि आतल्या टोकांना आरे. दोन्हींच्या मध्ये एक आडवा दांडा. दांडा पुढे ढकलला की दोन्ही चाकं सारखी फिरतात. एक चाक धरून ठेवलं, की दांडा मधल्या खिळीवर कलतो आणि दुसरं चाक पुढे जातं. पण थोडं फिरल्यावर दांडा आऱ्यावरून सुटतो. म्हणून आणखी दांडे, आणखी आरे. मग ते जाड होतात, मग त्यांना दात येतात, आणि आपल्यासमोर नकळत गिअर उभे राहिलेले असतात. गॅरेजवाले ज्याला स्टार गिअर म्हणतात, तो मुळात त्या आडव्या दांड्यांचा घोस.

या बोधपटाचं खरं सौंदर्य त्या क्रमात आहे. तो गिअरपासून सुरू होत नाही, गरजेपासून होतो. तयार भाग दाखवून त्याची नावं सांगणारी पुस्तकं पुष्कळ आहेत. इथं मात्र प्रत्येक भाग आधीच्या अडचणीतून जन्मतो, आणि शेवटी ड्राइव्ह शाफ्ट खाली सरकवून गाडीतला मधला उंचवटा कसा घालवला, तेही त्याच ओघात येतं. फ्रान्सच्या ओनेसिफोर पेकर यानं वाफेच्या गाडीसाठी हे यंत्र १८२७ मध्ये शोधलं. त्यानंतर शंभराहून अधिक वर्षांनी ते इतक्या सोपेपणानं कुणी तरी सांगितलं.

बोधपटाचा सगळा भर वळणावर आहे. पण मधला दांडा नुसता वेग वाटत नाही, जोरही वाटतो. दांडा मधोमध खिळलेला, दोन्ही बाहू सारखे. म्हणून दोन्ही चाकांना जोर कायम सारखाच मिळतो. ही समान वाटणी ऐकायला फार न्याय्य वाटते. ती किती महागात पडते, हे बघायचं तर पाटोद्याकडे यावं.

पाटोदा बालाघाटाच्या माथ्यावरचा तालुका. मांजरा नदी इथल्याच गवळवाडीजवळ उगम पावते, आणि विंचरणेचं पाणी सौताड्याला रामेश्वराच्या दरीत कोसळतं. दसरा-दिवाळीनंतर तालुक्यातली कितीतरी कुटुंबं ऊसतोडीला जातात, आणि कारखान्याच्या वाटेवर ट्रॅक्टरमागे भरलेल्या ट्रॉल्या दिसतात. बैलगाडीला डिफरन्शियल लागत नाही, कारण तिची चाकं आखावर सुटी फिरतात आणि ओढणारे बैल पुढे असतात. ट्रॅक्टरला मात्र मागची चाकंच ओढून नेतात. उसाच्या फडात एक टायर ओल्या रानात आणि दुसरं कोरड्या बांधावर असलं, की कोरडं टायर मुकाट उभं राहतं आणि चिखलातलं गरगर फिरत खड्डा करत जातं. चिखलातल्या चाकाला पकड नाही, म्हणून त्याला जोर घेता येत नाही. त्यानं घेतला तेवढाच दुसऱ्याला मिळतो, म्हणजे जवळजवळ काहीच नाही.

बैलजोडीतला एक बैल कच्चा असेल, तर नाडा जुवाच्या अगदी मधोमध न बांधता पक्क्या बैलाकडे थोडा सरकवून बांधतात. कच्च्याच्या वाट्याला लांब बाहू येतो, पक्क्याच्या वाट्याला ओझं. मर्यादित घसरणीचं डिफरन्शियल, ज्याला गाडीवाले एलएसडी म्हणतात, ते हेच करतं : नाडा सरकवतं, आणि गाडी चालू असताना आपला आपण सरकवतं. निवड करायची असते ती नाडा किती आणि कधी सरकावा याची.

ट्रॅक्टरकडे यावर दोन जुनी उत्तरं आहेत आणि दोन्ही देखणी आहेत. पहिलं, टाचेजवळचं डिफ लॉकचं पेडल. ते दाबलं की दोन्ही अ‍ॅक्सल एकमेकांत अडकतात आणि मधला दांडा कलूच शकत नाही. ते सरळ ओढतानाच वापरायचं. वळताना दाबलं तर ट्रॅक्टर वळायला नकार देतो आणि आतल्या गिअरांवर ताण येतो. दुसरं, डाव्या-उजव्या चाकांचे वेगळे ब्रेक. जाणता ड्रायव्हर घसरणाऱ्या चाकाचा ब्रेक हलकेच दाबतो. ब्रेकनं त्या चाकाला जो अडथळा मिळाला, तेवढा जोर दुसऱ्या चाकाला मिळतो. नव्या मोटारींत संगणक ट्रॅक्शन कंट्रोल म्हणून जे करतो, ते इथं पाय करतो. रस्त्यावर मात्र दोन्ही पेडलं कडीनं जोडूनच चालवावीत, नाहीतर जोरात दाबलेल्या एका ब्रेकनं ट्रॅक्टर उलटू शकतो.

आता हलकी गाडी. विलायतेत सुटे भाग आणून घरी गाडी जोडायची रीत आहे. कॉलिन चॅपमनची १९५७ ची लोटस सेव्हन ही त्या कुळातली नावाजलेली गाडी, वजन सुमारे पाचशे किलो. आपल्याकडे तशी रीत नाही. जवळात जवळचं उदाहरण म्हणजे इंजिनिअरिंग कॉलेजची मुलं स्वतः पाइप जोडून बनवतात त्या बाहा गाड्या. त्यांची स्पर्धा २००७ मध्ये पिथमपूरला सुरू झाली. इंजिन दहा अश्वशक्तीचं, आणि कितीतरी गाड्यांत गिअरबॉक्स महिंद्रा अल्फा या तीनचाकीचा असतो. पाटोद्याच्या स्टँडवर सवारी भरणाऱ्या गाड्यांच्या जातकुळीतला. त्याच्या पोटातच साधं डिफरन्शियल असतं. काही संघ ते वेल्डिंग करून बंदच करून टाकतात. दगडमातीत हे चालतं. डांबरी घाटात त्याच गाडीचं आतलं टायर घासत जातं, आणि स्टीअरिंग फिरवलं तरी तोंड सरळच जाऊ पाहतं. हलक्या गाडीच्या पुढच्या चाकांवर वजन थोडं, त्यामुळे मागून ढकलणाऱ्या दोन जखडलेल्या चाकांपुढे त्यांचं काही चालत नाही.

हलकेपणाचा पेच आकड्यांत लगेच दिसतो. समजा मागच्या दोन चाकांवर मिळून २७० किलो आहेत आणि वळणात आतल्या चाकावर ४० च उरले. पकड वजनाइतकी धरली, तर साधं डिफरन्शियल आतल्याला ४० आणि म्हणून बाहेरच्यालाही ४०, एकूण ८० किलोचा जोर रस्त्यावर टाकतं. बाहेरच्या चाकाच्या २३० च्या ऐपतीतले १९० वाया जातात. अडीच पट सरकणारा नाडा असेल, तर ४० आणि १००, म्हणजे १४०. वजनदार गाडीत आतलं चाक क्वचितच इतकं उघडं पडतं. हलक्या, कडक स्प्रिंगच्या गाडीत ते पार हवेतही जातं, आणि मग शून्याची अडीच पट शून्यच.

असा ठरावीक पटीत सरकणारा नाडा ज्याच्या स्वभावात आहे ते टॉर्सन, अमेरिकेच्या व्हर्नन ग्लीसमनचं. त्याचं पेटंट १९५८ चं. कलत्या दातांचे गिअर जोर घेताना एका बाजूला सरकू पाहतात, भिंतीला दाबतात, घासतात. जोर जितका जास्त तितकं घर्षण जास्त. क्लचप्लेट नाही, स्प्रिंगवर मदार नाही, झिजण्यासारखं फारसं काही नाही. बोधपटातला तो मधला दांडा इथं तसाच आहे, फक्त तो कलताना त्याला आतून अडवणूक होते. मला सगळ्या प्रकारांत हा सर्वांत सुसंस्कृत वाटतो. थ्रॉटल सोडला की तो मवाळ होतो, आणि वळणात शिरताना चालकाला त्याची जाणीवही होत नाही. पण चाक हवेत गेलं की तो निरुत्तर.

मर्यादित घसरणीचं डिफरन्शियल मुळात आलं तेच हलक्या, जोरकस गाडीमुळे. १९३४ च्या ग्रां-प्री शर्यतींच्या नियमानं गाडीला ७५० किलोची कमाल मर्यादा घातली. फर्डिनांड पोर्शेनं आखलेल्या ऑटो युनियन गाडीचं इंजिन सोळा सिलिंडरचं. आतलं चाक ताशी शंभर मैलांपर्यंत कुठल्याही वेगाला घसरत राही. झेडएफ कंपनीनं त्यावर १९३५ मध्ये उत्तर दिलं. आज दिसणारा दुसरा प्रकार प्लेटचा. त्यात स्टार गिअरची खिळी व्ही आकाराच्या खाचेत बसते. जोर आला की ती खाचेच्या उतारावर चढते, दोन कड्या बाजूंना ढकलते आणि प्लेटा आवळल्या जातात. उताराचा कोन बदलला की स्वभाव बदलतो. इंजिन ओढत असताना एक कोन आणि सोडलेलं असताना दुसरा, असंही ठेवता येतं. शिवाय स्प्रिंगनं आधीच थोडा दाब देऊन ठेवतात, त्याला प्रीलोड म्हणतात. चाक हवेत गेलं तरी हा प्रीलोड शिल्लक असतो, आणि हलक्या गाडीत हीच या प्रकाराची खरी किंमत आहे.

महिंद्रा थारमध्ये असतं तसं लॉकर, जे दोन चाकांच्या फिरण्यात मोठा फरक पडला की एकदम खटकन बंद होतं, ते दीडदोन टनांच्या गाडीला चढावर शोभतं. पाचशे किलोच्या गाडीला वळणात तसा धक्का बसला तर मागचा भाग सुटेल. सिलिकॉन तेलाचं व्हिस्कस उशिरा जागं होतं, म्हणून त्याचाही मोह नको.

सौताड्याच्या घाटासारख्या रस्त्यासाठी हलकी गाडी बांधायची असेल, तर मी टॉर्सनच्या जातीचा, कलत्या गिअरांचा प्रकार घेईन आणि सस्पेन्शन असं ठेवीन की आतलं चाक जमीन सोडणार नाही. मागचा अँटी-रोल बार बारीक, स्प्रिंग मऊ. शर्यतीसाठी, जिथं चाक उचलणारच, तिथं प्लेटचा प्रकार. पण प्रीलोड अगदी कमीपासून सुरू करून. तो मोजायला गाडी न्यूट्रलमध्ये ठेवायची, एक मागचं चाक जमिनीवर, दुसरं जॅकवर, आणि उचललेल्या चाकाच्या हबला टॉर्क रेंच लावून ते कधी हलतं ते बघायचं. आकडा वहीत लिहून ठेवावा, कारण प्लेटा झिजतात आणि तो उतरत जातो. वळणात शिरताना गाडीचं तोंड आत येईना, तर आधी प्रीलोड घटवावा, मग प्लेटांची मांडणी बदलून घासणाऱ्या बाजू कमी कराव्यात. खाचेच्या कोनाला हात सगळ्यात शेवटी.