चाचणी झाली, पुढे काय?

गेल्या वर्षी गडचिरोलीकडच्या माझ्या आत्येबहिणीचं जवळपास ठरलेलं लग्न मोडलं. कारण तिचं सिकलसेलचं कार्ड. त्यावर ‘एएस’ लिहिलं होतं, म्हणजे ती फक्त वाहक, आजारी नाही. मुलाचीही तपासणी करून पाहायची, एवढाच प्रश्न होता. पण ते कुणी सुचवलंच नाही. कार्ड देणाऱ्याने कार्ड दिलं आणि तो पुढच्या घरी गेला.

त्याच दिवसांत मी अलोंड्रा नेल्सन यांचं ‘बॉडी अँड सोल’ (२०११) वाचत होतो. विषय आहे ब्लॅक पँथर पार्टीचं आरोग्यकार्य. १९६६ मध्ये ओकलंडला सुरू झालेल्या या संघटनेचं नाव आपल्याला माहीत असतं, कारण १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथरने ते घेतलं. पण डोळ्यांसमोर येतात ती काळी जॅकेटं आणि बंदुका. नेल्सन दाखवतात ते मोफत दवाखाने: स्वयंसेवक डॉक्टर, आणि त्यांच्याकडून शिकून तपासण्या करणारे कार्यकर्ते.

नेल्सन यांचा मला सर्वांत पटलेला मुद्दा असा: कृष्णवर्णीयांचं नुकसान दोन्हीकडून झालं. उपचार हवे तेव्हा दार बंद, आणि प्रयोगाला माणसं हवीत तेव्हा मात्र तेच पुढे. म्हणून पँथर्स एकीकडे दवाखाने काढत होते, आणि दुसरीकडे हिंसेचं मूळ माणसाच्या मेंदूत शोधू पाहणाऱ्या संशोधन केंद्राला विरोधही करत होते. यात विसंगती नाही. आमच्यावर काय तपासायचं, हे आम्हीही ठरवणार, एवढंच त्यांचं म्हणणं.

मी सॉफ्टवेअर लिहितो, त्यामुळे हे वाचताना २०१९ चा ‘सायन्स’मधला एक अभ्यास आठवला. अमेरिकेतल्या एका अल्गोरिदमने रुग्णाची गरज मोजायला त्याच्यावर झालेला खर्च धरला होता. कृष्णवर्णीयांवर मुळात खर्चच कमी होत असल्याने तेवढाच गुण मिळालेला कृष्णवर्णीय रुग्ण गोऱ्यापेक्षा जास्त आजारी असायचा. खरं सांगतो, मीही तोच कॉलम निवडला असता. तयार होता, स्वच्छ होता. त्या खोलीत ‘खर्च म्हणजे गरज नव्हे’ म्हणणारं कुणी वस्तीतलं असतं, तर?

पुस्तकाबद्दल माझ्या दोन तक्रारी आहेत. पहिली, पर्यावरणाला वेगळं प्रकरण नाही. दवाखान्यांत शिशाच्या विषबाधेची तपासणी होई. शिसं पोराच्या रक्तात सापडतं, पण ते येतं भाड्याच्या जुन्या घराच्या रंगातून. १९८२ मध्ये नॉर्थ कॅरोलिनातल्या वॉरेन काउंटीत विषारी माती आपल्याच गावात पुरू नका म्हणून लोक ट्रकांसमोर आडवे झाले, पाचशेहून जास्त अटका झाल्या. दवाखाना ते तो रस्ता हा धागा पुस्तकाने पकडायला हवा होता.

दुसरी तक्रार जास्त जवळची. १९७१ मध्ये पँथर्सनी सिकलसेलची मोहीम उघडली. पुढच्याच वर्षी निक्सन यांनी त्यासाठी कायदा केला. हा मोठा विजय होता. पण त्या वेळची झटपट चाचणी वाहक आणि रुग्ण यांत फरक करू शकत नसे, आणि पुढे कित्येक निरोगी वाहकांना नोकरी आणि विमा नाकारला गेला. पुस्तकात संघटनेचे विचार आणि डावपेच भरपूर आहेत. चाचणी करून घरी गेलेल्या बाईचा आवाज मात्र मला फार कमी ऐकू आला. तिच्या घरी पुढे काय झालं?

तरीही पुस्तक वाचाच. आपल्याकडे २०२३ पासून सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू आहे. सात कोटी लोक तपासायचं उद्दिष्ट आहे. तपासायलाच हवेत. पँथर्सच्या दवाखान्यात तपासणारा त्याच गल्लीतला असायचा, दुसऱ्या दिवशी भेटायचा, त्याला जाब विचारता यायचा. माझ्या आत्येबहिणीला जाब विचारायला कुणी नव्हतं. तिने ते कार्ड कपाटात साड्यांखाली ठेवलंय.