श्रोत्यांचा ग्रंथ

स्वातंत्र्यसंग्रामातून निपजलेले मराठी वाङ्मय म्हटले की काही नावे आपोआप जिभेवर येतात. मंडालेच्या तुरुंगात १९१०-११ च्या हिवाळ्यात सिद्ध झालेले व १९१५ साली प्रकाशात आलेले लोकमान्यांचे ‘गीतारहस्य’, सावरकरांची ‘माझी जन्मठेप’, नाशिकच्या तुरुंगात १९३३ साली लिहिली गेलेली साने गुरुजींची ‘श्यामची आई’. आणि मग यादी भलतीकडे वळते. विनोबांच्या ‘गीता प्रवचनां’ना तीत बहुधा स्थान मिळत नाही. तो ग्रंथ पोथ्यांच्या फडताळात ठेवण्याचा आपल्याकडे प्रघात आहे. शेजारी ज्ञानेश्वरी असल्यामुळे हे स्थान बहुमानाचे दिसते खरे. पण त्यामुळे या ग्रंथाचे वाङ्मय म्हणून परीक्षण करण्याच्या कष्टातून टीकाकारांची सुटका झाली आहे.

ग्रंथात परकीय सत्तेविरुद्ध प्रचार नाही, म्हणून तो राष्ट्रीय चळवळीचा ग्रंथ नव्हे, असा युक्तिवाद आम्ही ऐकला आहे. ग्रंथ कोणापुढे बोलला गेला याचा त्यात विसर पडतो. १९३२ च्या जानेवारीत गांधीजी पकडले गेले, कायदेभंगाची दुसरी लाट उसळली आणि तुरुंग भरू लागले. धुळ्याच्या तुरुंगात २१ फेब्रुवारीपासून १९ जूनपर्यंत दर रविवारी एक, अशी अठरा प्रवचने विनोबांनी दिली आणि साने गुरुजींनी ती उतरून घेतली. समोर बसलेले श्रोते शिक्षा भोगत होते, आणि ती त्यांनी आपण होऊन ओढवून घेतली होती. ज्याच्या श्रोत्यांनी उपदेश ऐकण्यापूर्वीच त्याची किंमत चुकती केली आहे, असे गीतेवरील भाष्य आमच्या पाहण्यात दुसरे नाही.

पहिल्याच प्रवचनातील न्यायाधीशाचा दृष्टांत घ्या. शेकडो गुन्हेगारांना फाशी सुनावलेल्या न्यायाधीशापुढे एके दिवशी त्याचाच मुलगा खुनाचा आरोपी म्हणून उभा राहतो, आणि त्या क्षणी देहांताची शिक्षा अमानुष असल्याचे त्याच्या ध्यानी येते. अर्जुनाची अहिंसा या जातीची होती, ती स्वजनासक्तीतून आली होती, असे विनोबांना दाखवायचे आहे. दिवाणखान्यात वाचले तर हा एक चतुर दृष्टांत आहे, त्याहून अधिक काही नाही. परंतु शिक्षा ठोठावणारा माणूस नुकताच डोळ्यांनी पाहून आलेल्या मंडळींपुढे न्यायाधीशालाच दृष्टांताच्या पिंजऱ्यात उभे करायचे, यात जो मिस्कीलपणा आहे तो टीकाकारांनी अद्याप दाखवून दिलेला नाही. वक्ता हसत नाही, खूणही करीत नाही. दृष्टांत मात्र दुधारी आहे. आपल्या माणसाला वाचविण्यासाठी सुचलेले तत्त्वज्ञान हे तत्त्वज्ञानच नव्हे, ही गोष्ट तो श्रोत्यांनाही ऐकवतो. आणि चळवळीत असे तत्त्वज्ञान सुचण्याचे प्रसंग थोडे नव्हते.

लोकमान्यांची रीत याहून अगदी निराळी होती. त्यांच्यापुढे शंकराचार्यांपासून युरोपीय नीतिशास्त्रज्ञांपर्यंत पंडितांची सभा भरलेली आहे, आणि मंडालेच्या एकांतात ते एकेकाला उत्तर देत आहेत. विनोबांपुढे सभा आहे ती साध्या माणसांची. पुष्कळांना संस्कृताचा गंध नसेल हे गृहीत धरून त्यांची वाक्ये आखूड झाली आहेत. उपमा स्वयंपाकघरातून, शेतातून आणि पंढरीच्या वाटेवरून आल्या आहेत. नवव्या प्रवचनाच्या आरंभी आपला घसा दुखत असल्याचे ते सांगतात, आणि गुरुजींनी ते लिहून ठेवले आहे. दुसऱ्या कोणा लेखनिकाने ते गाळले असते. साने गुरुजींची स्वतःची शैली भावनेने ओथंबलेली आहे, हे सर्वश्रुत आहे. येथे मात्र त्यांनी ती अठरा आठवडे आवरून धरली. त्यांच्या लेखनगुणांत या संयमाची गणना व्हावयास हवी.

ग्रंथात दोष नाहीत असे नाही. पुनरुक्ती आहे, आणि ती बोलण्याचा धर्म म्हणून क्षम्य मानता येईल. दृष्टांत कधी कधी सिद्धांताचीच जागा बळकावतो. तथापि आमचा खरा आक्षेप स्वधर्माच्या विवेचनावर आहे. स्वधर्म शोधावा लागत नाही. आई जशी निवडून घेता येत नाही तसा तो जन्माबरोबरच आपल्याकडे येतो, असे विनोबा सांगतात. वर्धा जिल्ह्यातील नाचणगावी, पुलगावच्या शेजारच्या त्या जुन्या गावात, या ग्रंथाचे सामुदायिक वाचन चालले असता आम्ही हजर होतो. न्यायाधीशाच्या दृष्टांतावर वाचकाचे वाक्य पुरे होण्याच्या आतच हशा उसळला. स्वधर्माचे प्रकरण आले तेव्हा भिंतीशी बसलेले एक वृद्ध मजूर हळूच म्हणाले, “गुरुजी, जन्मानं आलेलं टाकून देल्लं, तवाच त आमी मान्सात आलो.” १९५६ साली नागपूरच्या दीक्षासमारंभानंतर त्यांच्या वडिलांनी घरातले जुने देव विसर्जित केले होते. त्यांच्या बोलण्यात राग नव्हता, पण वाचणाऱ्यास पुढचे पान उलटणे कठीण गेले.

विनोबांच्या बाजूने पुष्कळ सांगता येईल. त्यांनी दिलेली उदाहरणे मातापित्यांच्या आणि समाजाच्या सेवेची आहेत, जातीच्या धंद्याची नव्हेत. वर्ध्याचे लक्ष्मीनारायण मंदिर जमनालाल बजाजांनी १९२८ साली अस्पृश्य मानलेल्यांना खुले केले, त्या वर्तुळातलेच विनोबा होते. हे सारे मान्य करूनही आक्षेप शिल्लक राहतोच. वक्ता शब्द निवडतो तेव्हा त्या शब्दाचा इतिहासही त्याच्याबरोबर सभेत येऊन बसतो, आणि १९३२ हे तर पुणे कराराचे वर्ष. ती प्रवचने संपून तीन महिने उलटतात तोच जन्मप्राप्त स्थानाचा प्रश्न येरवड्याच्या तुरुंगात साऱ्या देशापुढे उभा राहिला. त्या वादाची चाहूल धुळ्याच्या प्रवचनांत लागत नाही. परकी सत्तेच्या बंधनातून सुटण्याची धडपड आणि आपल्याच समाजाच्या बंधनातून सुटण्याची धडपड यांची एकमेकींशी किती थोडी ओळख होती, हे या ग्रंथाच्या मौनातून जितके कळते तितके कित्येक इतिहासांतून कळत नाही. म्हणूनही तो ग्रंथ पोथ्यांच्या फडताळातून खाली काढावा, असे आमचे म्हणणे आहे.

जाता जाता आणखी एक गोष्ट. १९४० साली पहिले वैयक्तिक सत्याग्रही म्हणून विनोबा पवनारास बोलले, तेव्हा ते शब्द देशभर गेले. १६ ऑगस्ट १९४२ रोजी याच जिल्ह्यातील आष्टीच्या पोलिस ठाण्यावर खेड्यापाड्यांतील माणसे चालून गेली आणि गोळीबारात मरण पावली. त्यांच्यातील कोणी आदल्या रात्री काय बोलले असेल, घरी काय सांगून निघाले असेल, कोणत्या दृष्टांताने स्वतःची समजूत घातली असेल? ते उतरून घ्यायला तेथे साने गुरुजी नव्हते.