दानशूराचा पुतळा आणि अफूची पेटी

मुंबईच्या टाऊन हॉलमध्ये, म्हणजे एशियाटिक सोसायटीच्या इमारतीत, सर जमशेटजी जीजीभाई यांचा संगमरवरी पुतळा आहे. मारोचेटी या त्या काळच्या नामांकित शिल्पकाराने तो घडवला. तो उभारायचे ठरले ते १८५६ साली, जमशेटजींच्या हयातीत, आणि लोकवर्गणीतून. ग्रंथालयात जाणारे वाचक जाता-येता त्याच्यावरून नजर टाकतात आणि पुढे जातात. या पुतळ्याबद्दल कुणाची तक्रार नाही, मोर्चा नाही, निवेदन नाही. मला या लेखात त्याच्याचबद्दल बोलायचे आहे. पुतळ्यांच्या वादात जो पुतळा कुणालाच खुपत नाही, त्याच्यावरून वादाची खरी पारख होते असे माझे मत आहे.

आधी दुसऱ्या एका दानशूराची हकीकत सांगतो. इंग्लंडमधल्या ब्रिस्टल शहरात एडवर्ड कोल्स्टन या व्यापाऱ्याचा ब्राँझचा पुतळा १८९५ साली उभा राहिला. कोल्स्टन वारला १७२१ साली. म्हणजे मृत्यूनंतर १७४ वर्षांनी शहराला त्याची आठवण झाली. त्याने शाळा काढल्या, अनाथ-वृद्धांसाठी निवास बांधले, चर्चना पैसे दिले. चौथऱ्यावर त्याला शहराचा सद्गुणी आणि शहाणा सुपुत्र म्हटले होते. तो रॉयल आफ्रिकन कंपनीचा उपाध्यक्ष होता आणि ही कंपनी आफ्रिकेतली माणसे जहाजात कोंबून अमेरिकेच्या मळ्यांवर विकत होती, हे मात्र तिथे नव्हते. ७ जून २०२० रोजी जमावाने दोर लावून पुतळा पाडला, फरफटत नेला आणि बंदरात ढकलून दिला. चार दिवसांनी महापालिकेने तो बाहेर काढला. पुढच्या वर्षी शहराच्या संग्रहालयात तो अंगावरच्या रंगांसकट आडवा ठेवून दाखवला गेला. खटला झालेल्या चौघांना जानेवारी २०२२ मध्ये ज्यूरीने निर्दोष ठरवले.

इथवरचे वर्तमानपत्रांतून सर्वांनी वाचले आहे. आपल्याकडच्या चर्चेत सहसा गाळला जातो तो २०१८-१९ चा भाग. त्या वर्षी पुतळ्याखाली दुसरी पाटी लावायचे ठरले होते. गुलामांच्या व्यापाराचा उल्लेख तिच्यात असणार होता. मग मजकुरावर खल सुरू झाला. कोल्स्टनचा वारसा सांगणाऱ्या व्यापारी संघाने शब्द सौम्य करून घेतले, महापौरांनी तो सौम्य मजकूर नाकारला, आणि पाटी लागलीच नाही. दीड वर्षाच्या आत पुतळा पाण्यात होता. पाटी लागली असती तर पुतळा वाचला असता, असे मी छातीठोकपणे म्हणणार नाही. पण चार ओळींच्या खऱ्या मजकुराला ज्यांनी अडवले, ते स्वतःला पुतळ्याचे रक्षक समजत होते, ही गोष्ट आपल्याकडच्या रक्षकांनी लक्षात ठेवावी.

आता जमशेटजींकडे येतो. जन्म १७८३, मृत्यू १८५९. आईबाप लवकर गेले आणि पोरका मुलगा रिकाम्या बाटल्यांचा व्यापार करणाऱ्या नातेवाइकाच्या हाताखाली आला. बाटलीवाला हे नाव त्यातूनच चिकटले. वयाच्या पंचविशीपर्यंत चीनच्या अनेक फेऱ्या. १८०५ च्या फेरीत फ्रेंचांनी त्यांचे जहाज पकडले. त्याच जहाजावर विल्यम जार्डिन नावाचा तरुण डॉक्टर होता. कैदेत जुळलेली ही ओळख पुढे दोघांनाही लक्ष्मी देऊन गेली. जार्डिनने १८३२ मध्ये भागीदारासह जार्डिन मॅथेसन ही कंपनी काढली आणि कँटनमधली ती सर्वांत मोठी अफूची पेढी ठरली. तिला मुंबईहून माल पुरवणाऱ्यांत जमशेटजी अग्रभागी होते. कापूस होताच, पण खरा नफा अफूत होता.

हा व्यापार कसा चाले ते थोडे विस्ताराने सांगायला हवे, कारण मराठी वाचकाला अफू म्हटली की बंगाल आणि कंपनीचे गोदाम आठवते. मुंबईची अफू माळव्याची. माळवा होता शिंदे-होळकरांच्या आणि इतर संस्थानिकांच्या मुलखात. तिथे कंपनीची मक्तेदारी चालली नाही. शेतकरी सावकाराकडून आगाऊ रक्कम घेऊन पोस्त लावायचा आणि बोंडांना चिरा पाडून चीक गोळा करायचा. त्याच्या वड्या इंदूर-उज्जैनच्या बाजारात येत. पुढे कधी मुंबईला, कधी कंपनीची नजर चुकवून कराचीवरून पोर्तुगीजांच्या दमणला. शेवटी १८३० च्या सुमारास कंपनीने हात टेकले आणि पास घेऊन, पैसे भरून माल मुंबईवरून जाऊ दिला. मग पेट्या जहाजात चढत, एकेक पेटी साधारण ६० किलोची, आणि चीनच्या किनाऱ्यावर चोरून उतरत. चोरून म्हणायचे कारण चीनमध्ये अफू ओढण्यासाठी विकण्यावर १७२९ पासून बंदी होती. १८३९ मध्ये लिन झेशू या अधिकाऱ्याने परदेशी व्यापाऱ्यांकडून २०,००० वर पेट्या जप्त करून नष्ट केल्या. त्यात मुंबईकरांचाही माल होता. त्यावरून युद्ध पेटले. ऑगस्ट १८४२ मध्ये नानकिंगचा तह झाला, हाँगकाँग इंग्रजांकडे गेले आणि नष्ट झालेल्या अफूची ६० लाख डॉलर भरपाई चीनच्या माथी बसली.

त्याच १८४२ साली जमशेटजींना नाइट हा किताब मिळाला. हा मान मिळवणारे ते पहिले भारतीय. या दोन घटनांमध्ये कार्यकारणभाव आहे असे माझे म्हणणे नाही. किताब दानधर्मासाठी होता आणि दानधर्म खरोखर अफाट होता. जे. जे. रुग्णालय, पुढे जे. जे. कलाशाळा, माहीम-वांद्र्याचा १८४५ चा पूल. त्या पुलासाठी त्यांच्या पत्नी अवाबाईंनी दीड लाखाहून अधिक रुपये दिले. पुण्याच्या बंडगार्डनचा बंधाराही मोठ्या अंशी त्यांच्याच पैशातला. तरीही एका वर्षाच्या पंचांगात या दोन नोंदी शेजारी वाचताना अंगावर काटा येतो. पुतळ्याचा विषय तिथून सुरू होतो असे मला वाटते.

हे सारे नवे संशोधन नाही. असिया सिद्दिकी यांनी जमशेटजींच्या व्यवसायावर १९८२ मध्येच निबंध लिहिला. अमर फारुकी यांचे ‘ओपियम सिटी’ २००६ चे. जमशेटजींची पत्रे मुंबई विद्यापीठाच्या ग्रंथालयात आहेत. मी प्राध्यापक नाही, माझे शिक्षण फोर्टच्या पदपथावरच्या जुन्या पुस्तकांतून झाले. पण एवढ्या गोष्टी माझ्यासारख्याच्याही हाताला लागतात. मग मराठीत लिहिल्या जाणाऱ्या ‘मुंबईचे शिल्पकार’ छापाच्या लेखांत ‘चीनशी व्यापार’ या दोन शब्दांवर विषय का मिटतो? कशाचा व्यापार, हा पुढचा शब्द लिहायला लेखणी अडखळते. चरित्रलेखनातली ही आपली जुनी खोड आहे. माणूस मोठा ठरला की त्याच्या कमाईचे खाते बंद करायचे आणि फक्त खर्चाचे उघडे ठेवायचे.

यावर पहिला आक्षेप ठरलेला असतो: त्या काळाच्या फूटपट्टीने मोजा. मला हा आक्षेप मान्य आहे, फक्त ती फूटपट्टी नीट हातात घ्यावी. १८४० मध्ये खुद्द ब्रिटिश संसदेत ग्लॅडस्टनने अफूसाठीच्या या युद्धाचा धिक्कार केला होता. ते विरोधी पक्षाचे राजकारण म्हणून सोडून देऊ. दादाभाई नौरोजींचे काय करायचे? १८५५ मध्ये ते कामा कंपनीचे भागीदार होऊन लंडनला गेले आणि तीन वर्षांत बाहेर पडले, कारण कंपनीचा नफा अफू आणि दारूतून येत होता. म्हणजे जमशेटजींच्या हयातीत, त्यांच्याच समाजातल्या, त्यांच्याच शहरातल्या एका व्यापाऱ्याला हा पैसा नकोसा वाटला होता. पुढे दादाभाईंनी अफूच्या व्यापारावर लिहिले तेही सौम्य नव्हते. त्यांचा पुतळा फ्लोरा फाउंटनपाशी आहे, टाऊन हॉलपासून पायी दहा-पंधरा मिनिटांवर. त्या काळाची फूटपट्टी हवी असेल त्याने तेवढे अंतर चालून जावे.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे आणि तो मला पारशी मित्रांकडून ऐकावा लागला. आज अल्पसंख्य समाजांच्या इतिहासात खोट काढायला लोक टपलेले आहेत, तुम्ही त्यांच्या हातात कोलीत का देता? या प्रश्नाला उत्तर देणे मी टाळणार नाही. जमशेटजींचे भागीदार पाहा: मोतीचंद अमीचंद जैन, महंमद अली रोगे कोकणी मुसलमान, रोजेरिओ दि फारिया गोव्याकडचे ख्रिस्ती. माळव्यातले सावकार मारवाडी आणि गुजराती. संस्थानिकांत आपले मराठी सरदार, आणि अफूवरचा कर त्यांच्याही तिजोरीत जात होता. पुढे ससून घराणे आले, बगदादी यहुदी. म्हणजे हे पाप एका समाजाच्या खात्यावर टाकताच येत नाही. मुंबई नावाच्या शहराने ते सर्वांनी मिळून केले. उलट हा इतिहास झाकून ठेवला, तर उद्या तो अर्धवट, एका जातीचे नाव लावून, कुणीतरी ओरडून सांगेल.

कोल्स्टन पडला आणि जमशेटजी कुणाला खुपत नाहीत, याचे कारण दोघांच्या गुणदोषांत फारसे सापडणार नाही. (गुलामगिरी आणि अफू एकाच तराजूत घालू नये हे मी जाणतो. माणूस विकणे आणि माणसाला व्यसन विकणे यांत फरक आहे, आणि तो मोठा आहे.) कोल्स्टनच्या व्यापाराने ज्यांचे पूर्वज नासवले त्यांचे वंशज आज ब्रिस्टलमध्ये राहतात, मत देतात, त्या चौकातून कामावर जातात. कँटनच्या अफूबाजाचा पणतू मुंबईत राहत नाही. माळव्यातला कर्जबाजारी पोस्तशेतकरी तर इतिहासाच्या पुस्तकातही नावाने येत नाही. दुखावणारे कुणी समोर नसल्यामुळे आपला दानशूर स्वच्छ राहिला. आपल्याकडचे पुतळ्यांचे वाद ‘कोणाच्या भावना दुखावल्या’ या एकाच प्रश्नाभोवती फिरतात, म्हणून ज्याच्या भावना विचारायला कुणी नाही त्याचा न्याय होतच नाही.

पुण्याची उदाहरणे आठवा. लाल महालातून दादोजी कोंडदेवांचा पुतळा डिसेंबर २०१० मध्ये हलवला गेला तो रात्रीच्या अंधारात. राम गणेश गडकऱ्यांचा पुतळा जानेवारी २०१७ मध्ये संभाजी उद्यानातून उखडून नदीत टाकला गेला तोही पहाटेपूर्वी. पहिल्या वेळी महापालिकेचा ठराव होता, दुसऱ्या वेळी मूठभर तरुणांचा निर्णय, म्हणून दोन्ही कृत्ये सारखी नाहीत. पण लोकांना झोपेत ठेवून झालेले काम एवढे साम्य आहे. सकाळी उठलेल्या पुणेकराला चौथरा रिकामा दिसला, त्याच्या ज्ञानात कणभर भर पडली नाही.

शांतपणे हलवणे हा तरी उपाय आहे का? १९६५ मध्ये मुंबईतले व्हिक्टोरिया राणी आणि राजपुत्राचे पुतळे भायखळ्याला उद्यानात नेले गेले. दगडफेक नाही, दंगा नाही, परक्या सत्तेची चिन्हे चौकांतून गेली हे योग्यच झाले. व्हिक्टोरियाच्या पुतळ्याला चापेकर बंधूंनी १८९६ मध्ये डांबर फासले होते. त्या डांबराची गोष्ट पुतळ्याबरोबर भायखळ्याला पोचायला हवी होती. बोलक्या पाटीशिवाय पुतळा हलवणे म्हणजे नको असलेले कपाट माळ्यावर टाकणे. काळा घोडा तर आणखी गंमतीचा. घोड्यावरचा राजपुत्र गेला, घोडाही गेला, नाव मात्र लोकांनी सोडले नाही. शेवटी २०१७ मध्ये त्या जागी स्वाराविना घोडा उभा केला. पुतळा काढला की इतिहास पुसतो असे रडणाऱ्यांनी या चौकात उभे राहावे. मूळ पुतळ्याचा खर्च अल्बर्ट ससून यांनी केला होता आणि ससूनांच्या संपत्तीतही अफू होतीच. नव्या घोड्याकडे पाहून ते कुणाला कळणार?

म्हणून जमशेटजींचा पुतळा हलवावा असे मी म्हणत नाही. त्याने चौक अडवलेला नाही, तो कुणाच्या मानेवर पाय ठेवून उभा नाही, आणि ज्या रुग्णालयात आजही गरीब माणूस केसपेपर काढून रांगेत बसतो त्याचे मूळ तिथे आहे. व्हिक्टोरियाचा पुतळा सत्ता गाजवत होता, कोल्स्टनचा खोटे बोलत होता. जमशेटजींचा पुतळा अर्धे बोलून गप्प आहे. ज्याला बोलते करता येते तो पाडण्याची गरज नाही.

माझी मागणी छोटी आहे. पुतळ्यापाशी मराठी, गुजराती आणि इंग्रजीत एक पाटी असावी. तिच्यावर पूल, रुग्णालय, कलाशाळा यांच्या नोंदी असाव्यात. त्याखाली, तेवढ्याच आकाराच्या अक्षरांत, हा पैसा कापसातून आणि माळव्याच्या अफूतून आला, ती अफू चीनच्या कायद्याविरुद्ध तिथे उतरवली जात होती, हे असावे. शब्द सौम्य करायला बसलेली समिती नेमू नये, ब्रिस्टलमध्ये त्यातच वर्ष गेले. आणि जागा उरली तर चौथी भाषा चिनी असावी. कफ परेडच्या हॉटेलांतून पर्यटक येतात, त्यात कँटनकडचाही एखादा असेल.